ताऱ्याचा पत्ता

शाळेत मी इतिहास आणि मराठी शिकवत असे. भूगोल माझा विषय नव्हे. पण कोकणातल्या आडगावच्या शाळेत एखादे शिक्षक रजेवर गेले की त्यांचा तास कोणाच्या तरी गळ्यात पडतो. १९८०-८५ च्या दरम्यान कधीतरी असाच नववीचा भूगोल माझ्या गळ्यात पडला होता. अक्षांश-रेखांश चालले होते. पृथ्वीवरच्या कोणत्याही गावाचा पत्ता दोन आकड्यांत सांगता येतो, असे मी रंगात येऊन सांगत होतो. ताऱ्यांचेही असेच पत्ते असतात, त्यांच्या याद्या छापलेल्या असतात, असे उगीच पुढचे वाक्य बोलून गेलो.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. खारव्यांचा मुलगा, वडिलांबरोबर रात्री-अपरात्री होडीवर जाणारा. म्हणाला, "सर, गाव जागचे हलत नाही. तारा तर संध्याकाळी इथे, मध्यरात्री तिथे. शिवाय आज आठाला दिसला तिथे महिन्याने सहालाच दिसतो. मग त्याचा पत्ता एकदाच कसा छापतात?"

मला उत्तर येत नव्हते. येत नाही असे म्हणालो असतो तर काय बिघडले असते? पण "हे परीक्षेला नाही, बस खाली," असे म्हणालो. वर्ग हसला. तो बसला. पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली. शाळा सोडण्याचा माझ्या त्या वाक्याशी संबंध नसणार, घरची परिस्थितीच तशी होती. पण वाक्य माझ्या लक्षात राहिले ते राहिलेच. निवृत्त झाल्यावर हाताशी वेळ आला तेव्हा उत्तर शोधायला बसलो, आणि शोधता शोधता पार आमच्या घरातल्या गणपतीपर्यंत जाऊन पोचलो. ते सगळे आज सांगतो. मी गणिताचा माणूस नाही, तेव्हा वाचकांनी घाबरू नये.

मुलाचे निरीक्षण बरोबर होते. "आज आठाला दिसला तिथे महिन्याने सहाला" हे तर तंतोतंत. तारा रोज सुमारे चार मिनिटे (नेमके बोलायचे तर ३ मिनिटे ५६ सेकंद) लवकर येतो. महिन्याचे झाले दोन तास, वर्षाचे चोवीस. म्हणजे वर्षभरात सूर्याच्या ३६५ फेऱ्या होतात तेव्हा ताऱ्यांच्या ३६६ झालेल्या असतात. ही एक जादा फेरी कुठून आली?

तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घालून बघा. तुळस सतत तुमच्या उजव्या हाताला असते. तुळशीच्या हिशेबाने तुम्ही स्वतःभोवती एकदाही फिरलेला नाहीत. पण अंगणाच्या कुंपणाकडे बघितलेत तर प्रदक्षिणा पूर्ण होईपर्यंत चारी बाजू तुमच्या तोंडासमोरून गेलेल्या असतात. कुंपणाच्या हिशेबाने एक फेरी झाली. तुळशीच्या जागी सूर्य आणि कुंपणाच्या जागी तारे घ्या, जादा फेरीचा उलगडा होतो. पृथ्वी स्वतःभोवती एकदा फिरते ती ताऱ्यांच्या हिशेबाने २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत. आपल्या भिंतीवरचे घड्याळ सूर्याचे, त्याचे चोवीस तास. ताऱ्यांसाठी घड्याळच निराळे हवे, रोज चार मिनिटे पुढे पळणारे. त्या घड्याळाने दाखवलेली वेळ म्हणजे नाक्षत्र काल. पूर्वी प्रत्येक वेधशाळेत असे एक घड्याळ असायचेच.

आता पत्ता. उत्तर बिंदूपासून डोक्यावरून दक्षिण बिंदूपर्यंत आकाशात एक रेघ ओढली आहे अशी कल्पना करा. हे याम्योत्तर वृत्त. ही रेघ आपल्या गावाला बांधलेली, हलत नाही. तारे पूर्वेकडून येतात आणि एकामागून एक ही रेघ ओलांडून पश्चिमेला जातात. कोण कोणाच्या मागून येणार हा क्रम ठरलेला, दोघांमधले अंतरही ठरलेले. चित्रा आज रेघेवर आली, तिच्यानंतर ५० मिनिटांनी स्वाती येणार. उद्याही ५० मिनिटांनीच, पुढच्या वर्षीही. (दोघींची वेळ नाक्षत्र घड्याळाने मोजायची.) तेव्हा या मिरवणुकीत कुठल्या तरी एका बिंदूला पहिला मान द्यायचा, तो रेघेवर आला की घड्याळात शून्य वाजवायचे, आणि मग प्रत्येक तारा रेघेवर येईल तेव्हा घड्याळात किती वाजले ते लिहून ठेवायचे. झाला पत्ता! याला विषुवांश म्हणतात. चित्रेचा विषुवांश १३ तास २५ मिनिटे, म्हणजे नाक्षत्र घड्याळात १३ वाजून २५ मिनिटे झाली की चित्रा तुमच्या रेघेवर असणार, मग तुम्ही रत्नागिरीत असा की नागपुरात. दुसरा आकडा क्रांतीचा, विषुववृत्तापासून तारा किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे त्याचा. तो अक्षांशासारखाच, त्यात नवल नाही.

नवल पहिल्या आकड्याचे. जागेचा पत्ता वेळेत लिहिलेला आहे! पोराचा प्रश्न होता की हलणाऱ्याचा पत्ता कसा छापतात. उत्तर असे की त्याची येण्याची वेळ छापतात, एस.टी.च्या वेळापत्रकासारखी. एवढेच सांगायचे होते. दोन मिनिटे लागली असती.

मग मला पुढचा प्रश्न पडला. याद्या केल्या कशा? तारा किती वाजता रेघेवर आला ते लिहायचे तर घड्याळ बरोबर हवे. घड्याळ बरोबर लावायचे तर ताऱ्याची वेळ आधी माहीत हवी. चोराच्या हाती किल्ली आणि किल्लीच्या शोधात चोर, असला प्रकार.

ही गाठ ज्यांनी चिकाटीने सोडवली त्यांतले एक जॉन फ्लॅमस्टीड. १६७५ मध्ये इंग्लंडच्या राजाने ग्रीनिच वेधशाळेची स्थापना करून त्यांना नेमले. पगार वर्षाला शंभर पौंड, उपकरणे मात्र बहुतेक स्वतःच्या पदरच्या पैशाने. (सरकारी नोकरीतल्या माझ्या मित्रांना हे ओळखीचे वाटेल.) त्यांनी सूर्यालाच साक्षीदार केले. मिरवणुकीत शून्याचा मान आहे वसंतसंपाताला, म्हणजे मार्चमध्ये सूर्य ज्या बिंदूवर विषुववृत्त ओलांडून उत्तरेला जातो त्या बिंदूला. तिथे तारा नाही, काही नाही; नुसता भूमितीतला बिंदू. पण दुपारी सूर्याची उंची मोजली की तो विषुववृत्तापासून किती दूर आहे ते कळते, आणि त्यावरून तो त्या बिंदूपासून किती पुढे सरकला तेही गणिताने काढता येते. मग दुपारी सूर्य रेघेवर आल्याची आणि रात्री तारा रेघेवर आल्याची वेळ त्याच घड्याळाने टिपायची. घड्याळ शून्यावर लावलेले नसले तरी चालते, फक्त चाल एकसारखी हवी. दोघांतले अंतर मिळाले, सूर्याचा पत्ता मिळालेला आहेच, ताऱ्याचा मिळाला. मार्चमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा असे केले की उंचीच्या मोजमापातली बरीचशी चूक परस्पर कटते. एकदा मोजके ठळक तारे असे पक्के झाले की त्यांच्यावरून घड्याळ लावायचे आणि घड्याळावरून बाकीचे हजारो तारे टिपायचे.

फ्लॅमस्टीड पक्के होईपर्यंत काही छापू देईनात. न्यूटन आणि हॅली यांना धीर धरवेना. त्यांनी १७१२ मध्ये त्यांच्या मनाविरुद्ध ती यादी छापून टाकली. चारशे प्रती होत्या. फ्लॅमस्टीडना पुढे त्यांतल्या तीनशे मिळाल्या तेव्हा त्यांनी त्या जाळल्या. खरी यादी निघाली १७२५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. सुमारे तीन हजार तारे. त्या यादीवरून पडलेले क्रमांक आजही वापरात आहेत, आणि एकेका तारकासमूहात ते वर्गातल्या हजेरीपटासारखे, रेघ ओलांडण्याच्या क्रमाने आहेत. मीन राशीतला ८६ क्रमांकाचा एक अंधूक तारा ध्यानात ठेवा, तो पुढे महाराष्ट्रात भांडण लावणार आहे.

आपल्याकडे हे काम कंपनी सरकारच्या काळात आले, आणि आले ते जहाजांसाठी. समुद्रावर रेखांश कळायला अचूक वेळ लागते, आणि अचूक वेळ ताऱ्यांशिवाय मिळत नव्हती. मद्रासची वेधशाळा १७९२ ची. तिथे टी. जी. टेलर यांनी ११,०१५ ताऱ्यांची यादी केली, ती १८४४ मध्ये छापली. मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा झाली, बंदरातल्या जहाजांना वेळ देणे हे तिच्या मूळ कामांपैकी एक. म्हणजे त्या काळच्या मुंबईकराच्या खिशातले घड्याळ बरोबर असेल तर ते शेवटी कोणत्या तरी ताऱ्याने रेघ ओलांडल्यामुळे बरोबर होते. ही मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. १९०६ मध्ये देशाची एक प्रमाणवेळ झाली तरी मुंबईने आपली वेळ १९५५ पर्यंत धरून ठेवली, ३९ मिनिटे मागे! मुंबईहून आलेले आजोबा "आमच्या टायमाने" असे का म्हणत ते मला फार उशिरा कळले.

या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या सुमाराला प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा नोकरीला लागला. हे केरो लक्ष्मण छत्रे, पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक झालेले केरूनाना. टिळकांचे गुरू. आमच्या पिढीला नाव तेवढे ठाऊक होते. पण पंधराव्या वर्षी, मुंजीत शिकलेली संध्या अजून रोज म्हणत असेल अशा वयात, युरोपीय घड्याळ आणि दुर्बीण यांच्याशी ज्याचा संबंध आला त्याला घरच्या पंचांगाकडे बघून काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतो. कारण पंचांगातले ग्रह तेव्हा आकाशातल्या ग्रहांशी जुळत नव्हते. ग्रहण पंचांगात एका वेळी आणि आकाशात दुसऱ्या वेळी. केरूनानांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे मराठी पुस्तक काढले, नव्या मोजमापांवरून ग्रह काढण्याची सोय केली, आणि १८६५ पासून त्या गणिताचे पंचांग निघू लागले. आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळामुळे ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले.

आणि इथेच भांडण सुरू झाले. शून्य कुठे?

वसंतसंपाताचा बिंदू स्थिर नाही. तो दरवर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो, साधारण ७२ वर्षांत एक अंश. हे पहिल्यांदा लक्षात आले ते ग्रीक ज्योतिषी हिपार्कसच्या, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, आणि तेही आपल्या चित्रेमुळेच. त्याच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे टिमोकॅरिसने चित्रा शरदसंपातापासून आठ अंशांवर मोजली होती, त्याला ती सहा अंशांवर सापडली. आरंभबिंदू सरकला की सगळ्यांचेच पत्ते बदलतात. म्हणून ताऱ्यांच्या यादीवर ती कोणत्या सालासाठी आहे ते छापावे लागते. १९५० च्या यादीत चित्रेचा विषुवांश १३ तास २२ मिनिटे ३३ सेकंद, २००० च्या यादीत १३ तास २५ मिनिटे १२ सेकंद. चित्रा जवळजवळ जागच्या जागी आहे, गावाची वेस सरकली.

युरोपच्या ज्योतिषांनी सरकणारा शून्य पत्करला आणि यादीवर साल छापून मोकळे झाले. आपल्या पंचांगाला ते चालेना. आपल्या राशी-नक्षत्रांचा आरंभ ताऱ्यांमध्ये स्थिर हवा. पण नेमका कुठे? सूर्यसिद्धांतात नक्षत्रांच्या मुख्य ताऱ्यांचे जे आकडे दिले आहेत त्यांत चित्रा आहे बरोबर १८० अंशांवर आणि रेवती ३५९ अंश ५० कलांवर. म्हणजे रेवतीला धरा नाहीतर चित्रेला धरा, आरंभ एकच यायला हवा. आकाशात मात्र तसे नाही. रेवतीचा म्हणून जो तारा धरला गेला, तोच मीनेतला ८६ क्रमांकाचा, त्याच्यापासून चित्रा आज जवळजवळ १८४ अंशांवर आहे. जुन्या ग्रंथांतली मोजण्याची तऱ्हा थोडी वेगळी होती, तो फरक वजा केला तरी सुमारे तीन अंशांचा घोळ उरतोच. केरूनानांनी रेवती धरली. टिळक त्याच पक्षाचे. व्यंकटेश बापूजी केतकर, 'ज्योतिर्गणित' लिहिणारे, चित्रेच्या पक्षाचे. तिसरा पक्ष विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा. त्यांचे म्हणणे, सरकणारा संपातच खरा आरंभ, ऋतू त्याच्यावर चालतात. मुंबईला १९०४ मध्ये परिषद भरली, सांगलीला १९२० मध्ये भरली.

मला विचाराल तर या सगळ्यांत मला दीक्षित सर्वात जवळचे. दापोलीजवळच्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा त्यांचा ग्रंथ १८९६ चा, आणि दोन वर्षांत, पंचेचाळिशीतच ते गेले. वाद चालू असताना स्वतः एका पक्षात असूनही दुसऱ्या पक्षांचे म्हणणे त्यांनी नीट मांडले आहे. केतकरही शिक्षकच, बागलकोटला हेडमास्तर होते. मास्तरांची जमात अगदीच टाकाऊ नव्हती म्हणायची.

चार अंशांचा फरक म्हणजे सूर्याच्या चालीने चार दिवस. म्हणून टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीला, बाकीच्यांत १४-१५ ला. एवढ्यावर भागले असते तर बरे होते. पण अधिक महिना ठरतो तो संक्रांतींवर; ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक. संक्रांत चार दिवस अलीकडे आली की एखाद्या वर्षी अधिक महिनाच दुसरीकडे जाऊन बसतो, आणि मधले सण पुरते एक महिन्याने वेगळे पडतात.

माझ्या आईचे माहेर टिळक पंचांगाचे. सासर, म्हणजे आमचे घर, दुसऱ्या पंचांगाचे. मी लहान असताना एका वर्षी माहेरचा गणपती आमच्या आधी महिनाभर आला. मामा न्यायला आला होता. आजोबा माजघरातून म्हणाले, "अधिकात कसला गणपती? हे घर त्या पंचांगाला मानत नाही." मामा बिचारा ओटीवर पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभा. आई गेली नाही. रात्री तिने आम्हाला वाढले आणि स्वतः जेवली नाही; विचारले तर "भूक नाही" म्हणाली. पुढच्या वर्षी माझी आजी, तिची आई, नव्हती. आई याबद्दल कधी बोलली नाही, पण मोदक वळताना एखाद्या वर्षी मध्येच थांबायची.

आजोबांना काय, मामाला काय, हा चित्रा आणि रेवतीतला तीन-चार अंशांचा हिशेब आहे हे ठाऊक नव्हते. मलाही सत्तरी गाठेपर्यंत नव्हते. रेवतीचा तो तारा एकदा बघावा म्हणून मागच्या डिसेंबरात अंगणात उभा राहिलो. इतका मंद आहे की माझ्या डोळ्यांना काही दिसला नाही. नातवाला जेमतेम दिसला, तोही "असेल बहुतेक" म्हणाला.

सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यात आपले डॉ. के. ल. दफ्तरी होते, 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते. १९५५ च्या अहवालात चित्रेचा पक्ष घेतला गेला. २१ मार्च १९५६ ला अयनांश २३ अंश १५ कला असे ठरवले, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. टिळक पंचांग मात्र आजही निघते, आणि मामेभावाकडचा गणपती अजून त्याच्याप्रमाणेच बसतो. आता मी जातो. दोन्हीकडचे मोदक खातो.

राहिले त्या मुलाचे उत्तर. तो आता पन्नाशीच्या पुढचा असेल, कुठे असेल माहीत नाही. हिशेब असा आहे, बाबा. २२ मार्चला दुपारी बारा वाजता नाक्षत्र घड्याळात शून्य. तिथून रोज चार मिनिटांना थोडे कमी असे मिळवत जायचे. १ मे पर्यंत चाळीस दिवस, म्हणजे २ तास ३७ मिनिटे. त्या रात्री दहा वाजता दुपारपासून दहा तास झालेले, तेव्हा नाक्षत्र काल १२ तास ३७ मिनिटे. चित्रा १३-२५ ची, म्हणजे अजून ४८ मिनिटे. दहा अठ्ठेचाळीसला ती रेघेवर. पण हे झाले आपल्या गावच्या वेळेचे. आपल्या हातातले घड्याळ प्रमाणवेळेचे, कोकणात त्यात सदतीस-अडतीस मिनिटे मिळवायची. साडेअकराच्या आधी चार-पाच मिनिटे दक्षिणेकडे तोंड करून उभा राहा. निम्म्याहून थोड्या अधिक उंचीवर एकटाच पांढरा निळसर ठळक तारा असेल. पाच मिनिटे इकडे-तिकडे झाली तर माझ्या गणिताला हस.